आंतड्याच्या अस्तरांतील सांधे

घांस गिळला म्हणजे अन्न शरीराच्या आंत गेलें, असें सर्वसाधारण माणूस समजतो. शरीरशास्त्रज्ञाची समजूत निराळी आहे. मण्याच्या भोंकांतून ओंवलेला दोरा मण्याच्या मधून जातो खरा, परंतु मण्याच्या द्रव्यांत त्याचा शिरकाव होत नाहीं. त्याचप्रमाणें मुखापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग हें शरीराला आरपार पडलेलें एक लांब भोंक असून त्यांतून सरकणारा भात अथवा भाकरी शास्त्रदृष्ट्या अजून शरीराबाहेरच असते. आंतड्याचें अस्तर ओलांडून तिचा रस रक्तांत उतरला, म्हणजेच ती आंत आली.

हें अस्तर किती जाड असावें? एकाच पेशीच्या उंचीएवढें; म्हणजे मिलिमीटराच्या सुमारें चाळिसाव्या भागाइतकें. त्याच्या एका बाजूला अर्धवट पचलेलें अन्न, मांसहि विरघळविणारे पाचकरस आणि अगणित जंतु. दुसऱ्या बाजूला, हाताच्या अंतरावरहि नव्हे, केसाच्या अंतरावर, रक्त. शिवाय हें अस्तर लहानसहान नाहीं. लहान आंतड्याच्या आंतल्या बाजूस घड्या असतात, घड्यांवर मखमलीच्या लवेसारखे रसांकुर असतात, आणि रसांकुरांवरील पेशींनाहि पुन्हां सूक्ष्म लव असते. हें सारें उलगडून पसरलें तर टेनिसचें मैदान झांकेल, असें जुन्या पुस्तकांतून लिहिलेलें असे. स्वीडनमधील दोघां संशोधकांनीं २०१४ सालीं फेरमोजणी केली तेव्हां क्षेत्र सुमारें तीस चौरस मीटर भरलें. मैदान गेलें आणि दोन बऱ्यापैकीं खोल्या उरल्या. तरीहि एका पेशीच्या जाडीच्या पडद्यानें दोन खोल्यांची जमीन झांकावी आणि ती सत्तर-ऐंशीं वर्षें गळूं नये, ही गोष्ट सामान्य नव्हे.

अशा भिंतीची मजबुती चिऱ्यांवर जितकी अवलंबून, तितकीच चिऱ्यांमधल्या दरजांवर. चिरा कितीहि टणक असला तरी दरजा नीट भरलेल्या नसतील तर पहिल्याच पावसांत भिंत पाझरते, हें कोंकणांतील घरमालकास सांगावयास नको. आंतड्याच्या अस्तरांत प्रत्येक पेशीला पांच-सहा शेजारणी असतात. त्या एकमेकींना कशा धरून राहतात, हा प्रश्न शास्त्रज्ञांस दीडशें वर्षें पुरला आहे, आणि त्याचें उत्तर अखेरीस घरांतल्या मिठासाखरेच्या पाण्यापर्यंत येऊन पोंचतें.

सूक्ष्मदर्शकाखालीं या दरजा प्रथम दिसल्या त्या नुसत्या काळ्या ठिपक्यांच्या रूपानें. एकोणिसाव्या शतकांतील शास्त्रज्ञ आंतड्याचा पातळ काप रंगवून पाहत, तेव्हां दोन पेशी वरच्या टोकाशीं जेथें भेटतात तेथें त्यांना एक गडद ठिपका आढळे. या ठिकाणीं सिमेंटासारखें कांहीं द्रव्य भरलेलें असावें असा तर्क करण्यांत आला, आणि तो पुढें पुष्कळ वर्षें पाठ्यपुस्तकांतून चालत राहिला. तर्क सयुक्तिक होता. फक्त खरा नव्हता. प्रकाशकिरणांवर चालणाऱ्या यंत्राची दृष्टि त्या ठिपक्यापलीकडे जात नसल्यामुळें त्याची परीक्षा व्हावयास विद्युत्-सूक्ष्मदर्शक यावा लागला. १९६३ सालीं न्यू यॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें मॅरिलिन फार्क्वार आणि जॉर्ज पॅलाडे यांनीं उंदीर व गिनिपिग यांच्या जठर, आंतडें, पित्ताशय इत्यादि अनेक अवयवांचीं अस्तरें या यंत्राखालीं घातलीं. ठिपक्याच्या जागीं त्यांना सिमेंट दिसलें नाहीं; एकाखालीं एक, ठरलेल्या क्रमानें बसविलेले तीन निरनिराळे सांधे दिसले.

सर्वांत वर, अन्नाच्या बाजूला, दोन्ही पेशींचीं पटलें एकमेकांस इतकीं भिडलेलीं असतात कीं मध्यें फटच राहत नाहीं. हा घट्ट सांधा पेशीला कंबरपट्ट्याप्रमाणें चहूंबाजूंनीं वेढतो. त्याच्या लगेच खालीं दुसरा पट्टा असतो. येथें दोन पटलांत सुमारें वीस नॅनोमीटरांचें अंतर असतें. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लाखावा भाग.) याला चिकटपट्टा म्हणतां येईल. त्याच्याहि खालीं, ठिकठिकाणीं घातलेल्या सुट्या टांक्यांसारखे, डेस्मोसोम नांवाचे सांधे असतात.

टांक्यांची गोष्ट थोडक्यांत आटोपते. प्रत्येक डेस्मोसोमाला पेशीच्या आंतून केराटिनाचे दोर बांधलेले असतात. केंस आणि नखें ज्या जातीच्या प्रथिनांचीं बनतात त्याच जातीचे हे दोर. जेवणानंतर आंतडें पिळे घेऊं लागतें तेव्हां एका ठिकाणचा ताण या दोरांवाटें पेशीपेशींतून पसरतो आणि अस्तर फाटत नाहीं. चिकटपट्ट्याकडे मात्र थोडें थांबावयास पाहिजे, कारण पेशी पेशीला धरते ती मुख्यतः येथें, आणि तें कशानें धरते हें जपानांतील एका संशोधकाला प्रयोग फसल्यामुळें कळलें.

मासातोशी ताकेइची हे क्योटो विद्यापीठांत काम करीत. ट्रिप्सिन हा पाचकरस वापरून ते पेशी सुट्या करीत, आणि सुट्या झालेल्या पेशी पुन्हां एकमेकींना कशा चिकटतात तें पाहत. क्योटोमध्यें त्या चटकन् चिकटत. १९७० नंतरच्या दशकांत ते अमेरिकेंत बाल्टिमोर येथें कार्नेजी संस्थेच्या गर्भविज्ञान विभागांत गेले, आणि तेथें तोच प्रयोग करूं लागतांच पेशी चिकटेनात. एखाद्यानें हवापाण्याला दोष देऊन विषय सोडला असता. ताकेइची यांनीं दोन्ही ठिकाणचीं द्रावणें ताडून पाहिलीं, तेव्हां बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्यें कॅल्शियम पकडून ठेवणारें एक रसायन मिसळलेलें असल्याचें आढळलें. क्योटोच्या द्रावणांत तें नव्हतें. उलगडा असा झाला कीं, पेशींच्या पृष्ठभागावर एक चिकटणारें प्रथिन असतें. कॅल्शियम जवळ असेपर्यंत ट्रिप्सिनला त्याचे तुकडे करतां येत नाहींत, पण कॅल्शियम काढून घेतलें कीं तें उघडें पडतें व कापलें जातें. या प्रथिनाला १९८४ सालीं कॅड्हेरिन असें नांव मिळालें. आंतड्याच्या अस्तरांत जें असतें तें ई-कॅड्हेरिन.

याची रचना पांच मण्यांच्या सरासारखी आहे. प्रत्येक दोन मण्यांच्या मध्यें कॅल्शियमचे तीन विद्युद्भारित कण बसतात. ते आपल्या जागीं असले कीं सर काठीसारखा ताठ उभा राहतो आणि समोरच्या पेशीच्या तशाच सराशीं त्याचें टोक गुंतूं शकतें. कॅल्शियम गेलें कीं तो लुळा पडतो. हाडांचा चुना म्हणून जो पदार्थ सर्वांच्या ओळखीचा, तोच मऊ अवयवांच्या पेशींनाहि एकत्र ठेवतो, ही माहिती पुष्कळांना नवी असेल. सराचें दुसरें टोक पटलाच्या आंत शिरून कॅटेनिन नांवाच्या प्रथिनांच्या साह्यानें अॅक्टिनच्या तंतूंना जोडलेलें असतें, आणि या तंतूंचें एक कडें पेशीभोंवतीं आंतून फिरतें. स्नायु ज्या युक्तीनें आंखडतो त्याच युक्तीनें हें कडेंहि आंखडूं शकतें. परकराच्या नेफ्यांतील नाडी ओढावी तसा पेशीचा माथा त्यामुळें आवळला जातो.

या नाडीचा उपयोग क्षणोक्षणीं होत असतो. आंतड्याच्या अस्तरांतील पेशीचें आयुष्य फार अल्प. रसांकुराच्या पायथ्याशीं असलेल्या खांचेंत ती जन्मते, शेजारणींच्या बरोबर वर वर सरकत जाते, आणि तीन ते पांच दिवसांत टोकाशीं पोंचून अन्नमार्गांत गळून पडते. भिंतींतून चिरा निखळावा आणि भोंक मात्र पडूं नये, ही करामत कशी साधते? निघण्याच्या बेतांत असलेल्या पेशीच्या भोंवतालच्या शेजारणी आपल्या नाड्या ओढतात, तिच्या खालीं पाय पसरून एकमेकींस भिडतात, आणि नवा सांधा तयार होत असतांनाच जुनी पेशी वर ढकलली जाते. जागा रिकामी होण्यापूर्वींच भरलेली असते.

तरी चोराला हीच जागा सांपडली आहे. लिस्टीरिया नांवाचा जंतु न तापविलेल्या दुधाच्या चीजमधून वगैरे पोटांत जातो आणि गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो. त्याच्या अंगावरील एक प्रथिन ई-कॅड्हेरिनलाच पकडतें, हें पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें १९९६ सालीं सिद्ध झालें. एरव्हीं ई-कॅड्हेरिन घट्ट सांध्याच्या खालीं सुरक्षित असतें. परंतु पेशी गळतांना रसांकुराच्या टोकाशीं तें थोडा वेळ उघडें पडतें, आणि तेवढ्यांत हा जंतु आपला कार्यभाग साधतो. उंदराला मात्र त्याची तोंडावाटें सहसा बाधा होत नाहीं. याचें कारण तीन वर्षांनीं त्याच संस्थेंत सांपडलें. माणसाच्या ई-कॅड्हेरिनमध्यें सोळाव्या जागीं प्रोलिन नांवाचें अॅमिनो आम्ल आहे. उंदराच्या त्याच जागीं ग्लुटॅमिक आम्ल आहे. शेंकडों अॅमिनो आम्लांच्या मालिकेंत एकाचा फरक, आणि तेवढ्यानें एक प्राणी वांचतो.

आतां वरच्या घट्ट सांध्याकडे वळावयाचें. चिकटपट्टा पेशींना धरून ठेवतो; दोन पेशींमधील वाट बंद करण्याचें काम या सांध्याचें. तो कशाचा बनला आहे हें शोधण्यांत शोइचिरो त्सुकिता या जपानी शास्त्रज्ञाचें आयुष्य खर्ची पडलें. कोंबडीच्या पिलांच्या यकृतांतून सांध्यांचा अंश वेगळा करून त्यांनीं व मिकिओ फुरुसे यांनीं १९९३ सालीं एक प्रथिन शोधलें, आणि 'बंद करणें' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून त्याला ऑक्लुडिन असें नांव दिलें. सांध्याचें रहस्य उकललें असें सर्वांस वाटलें. पुढें खातरजमा करण्यासाठीं त्यांच्याच प्रयोगशाळेनें ऑक्लुडिन अजिबात नसलेल्या पेशी तयार केल्या, आणि त्या पेशींतहि घट्ट सांधे जसेच्या तसे होते! १९९८ सालचा हा निष्कर्ष म्हणजे पांच वर्षांच्या कीर्तीवर आपल्याच हातानें पाणी सोडणें होतें. परंतु त्यांनीं तो प्रसिद्ध केला, पुन्हां त्याच यकृताच्या अंशाकडे वळले, आणि त्याच वर्षीं त्यांतून आणखी दोन लहान प्रथिनें काढलीं. त्यांचीं नांवें क्लॉडिन एक व क्लॉडिन दोन. धातु पुन्हां 'मिटणें' या अर्थाचा. ज्या पेशींत घट्ट सांधे मुळींच नसतात अशा पेशींत क्लॉडिन घालतांच तेथें सांध्याच्या धाग्यांचें जाळें उमटलें, तेव्हां खरा कारागीर हाच याविषयीं शंका राहिली नाहीं. सस्तन प्राण्यांत आज अशीं सुमारें पंचवीस क्लॉडिनें ज्ञात आहेत. त्सुकिता २००५ सालीं अवघ्या बावन्नाव्या वर्षीं कर्करोगानें वारले. त्यांच्या पत्नी साचिको या त्याच विषयांतील शास्त्रज्ञ. त्यांनीं काम पुढें चालविलें. त्यांतूनच निघालेली एक गोष्ट या लेखाच्या गाभ्याशीं येते.

एवढ्या निरनिराळ्या क्लॉडिनांचें प्रयोजन काय? नुसतें बुजविण्यासाठीं एकच लांबी पुरली असती. याचें उत्तर असें कीं, घट्ट सांधा नांवाप्रमाणें सर्वत्र घट्ट नसतो, आणि असूंहि नये. १९७२ च्या सुमारास फ्रोम्टर व जॅरेड डायमंड (पुढें मानवी इतिहासावरील ग्रंथांमुळें प्रसिद्धीस आलेले तेच हे डायमंड) यांनीं अस्तरांतून जाणाऱ्या विजेच्या वाटेचा प्रश्न सोडविला. पाण्यांत राहणाऱ्या एका सरड्यासारख्या उभयचर प्राण्याच्या पित्ताशयाच्या अस्तरांतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून अतिसूक्ष्म विद्युत्-अग्र त्याच्या पृष्ठभागावरून फिरविण्यांत आलें. प्रवाह पेशींच्या माथ्यांवर क्षीण व कडांवर प्रबळ आढळला. म्हणजे क्षाराचे कण पेशींमधून नव्हे, तर पेशींच्या मधल्या दरजांतून वाहत होते. ज्या भिंतीला अभेद्य मानलें होतें तिला चाळणी बसविलेली होती.

ही चाळणी निवडक आहे. काहीं क्लॉडिनें वाट मिटवितात. उलट लहान आंतड्यांत असणारीं क्लॉडिन दोन व क्लॉडिन पंधरा हीं सोडियमसारख्या धनभारित कणांसाठीं मार्ग ठेवतात. क्लॉडिन दोनच्या छिद्राची रुंदी सुमारें ०·६५ नॅनोमीटर आहे, आणि छिद्राच्या कडेवर ऋणभार असल्यामुळें धनभारित कण तेथें ओढले जातात. साधारण जंतूची लांबी या रुंदीच्या दीड हजारपट असते. दरवाज्याच्या किल्लीच्या भोंकांतून हत्ती जाण्याची जितकी भीति, तितकीच या वाटेनें जंतु शिरण्याची.

परंतु सोडियमला वाट ठेवण्याची आवश्यकता काय, हें समजण्यासाठीं थोडें गणित करावें लागेल. तें हायस्कुलांतील मुलालाहि करतां येण्याजोगें आहे. ऑगस्ट १९६० मध्यें प्राग येथील परिषदेंत रॉबर्ट क्रेन यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, आंतड्यांतील पेशी द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, एकटें आंत घेत नाहीं. ती सोडियमच्या जोडीनेंच घेते. पुढें हें पूर्णपणें सिद्ध झालें, आणि लहान आंतड्यांत ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमचे दोन कण आंत येतात असें ठरलें. आतां भाताच्या पिष्टापासून एखाद्याच्या आंतड्यांत दिवसभरांत १८० ग्रॅम ग्लुकोज तयार झालें असें धरावें. भात खाणाऱ्या माणसाला हें कांहीं फार नव्हे. रसायनाच्या हिशेबानें तेवढ्या ग्लुकोजला जोडीदार म्हणून ४६ ग्रॅम सोडियम लागेल, आणि तेवढें सोडियम मिळण्यास ११७ ग्रॅम मीठ खावें लागेल. इतकें मीठ दिवसांत कोण खाईल? सर्वसाधारण माणूस दहा ग्रॅमांच्या आसपास खातो. पाचकरसांतून पुष्कळ सोडियम येतें हें खरें. पण त्या भरीनेंहि हिशेब पुरा होत नाहीं. तेव्हां एकच सोडियम पुनःपुन्हां वापरलें गेलें पाहिजे. शर्करेबरोबर आंत आलेलें सोडियम पेशी आपल्या बाजूच्या भिंतींतून पंपानें बाहेर, दोन पेशींच्या मधल्या जागेंत टाकते. तेथून त्याचा कांहीं भाग घट्ट सांध्यांतील छिद्रांवाटें परत अन्नाच्या बाजूला येतो, आणि दुसऱ्या रेणूला घेऊन पुन्हां आंत जातो. नदीवरील नावाड्यानें उतारू पैलतीरीं पोंचवून रिकामी होडी परत आणावी, तसा हा व्यवहार आहे. परतीची वाट बुजविली तर अन्न तीरावरच पडून राहील.

हें नुसतें अनुमान नव्हे. २०१३ सालीं साचिको त्सुकिता व त्यांचे ओसाका विद्यापीठांतील सहकारी यांनीं क्लॉडिन दोन व क्लॉडिन पंधरा हीं दोन्हीं नसलेले उंदीर तयार केले. त्यांचीं आंतडीं दिसण्यांत शाबूत होतीं, आईचें दूध पोटांत जात होतें. तरी तीं पिलें खुरटत गेलीं, आणि जन्मापासून महिना व्हायच्या आंत कुपोषणानें मेलीं. त्यांची भिंत पाझरत नव्हती, म्हणून त्यांची उपासमार झाली.

हल्लीं बाजारांत 'आंतड्याची गळती बंद करणारीं' म्हणून चूर्णें व गोळ्या पुष्कळ खपतात. त्या घेणाऱ्यांनीं वरील उंदरांची हकीकत लक्षांत ठेवावी. गव्हांतील ग्लुटेनमुळें होणाऱ्या सीलिअक विकारांत, तसेंच क्रोनच्या रोगांत, सांधे ढिले होतात यांत संशय नाहीं. पण तो ढिलेपणा रोगाचें मूळ कीं रोगाचा परिणाम, याविषयीं तज्ज्ञांतच वाद चालू आहे. सीलिअकच्या रोग्यानें गहूं सोडला म्हणजे बहुधा अस्तर आपोआप सुधारतें. निरोगी माणसाच्या सांध्यांना कुलूप लावण्याची खटपट कशासाठीं, हें मात्र जाहिरातींत सांगितलेलें नसतें.

या सांध्यांचा खरा कस लागतो तो पटकींत, म्हणजे कॉलऱ्यांत. एखादा धडधाकट माणूस सकाळीं आजारी पडून रात्रीं दगावे, असा हा रोग. तीव्र आजारांत तासाला लिटरभर पाणी शरीरांतून जाऊं शकतें. तांदुळाच्या धुवणासारखे दिसणारे ते जुलाब पाहून जुन्या वैद्यकशास्त्रज्ञांनीं असा ग्रह करून घेतला होता कीं, आंतड्याचें अस्तरच सोलून निघतें व त्याचीं सालपटें जुलाबांत उतरतात. मृतदेहांच्या आंतड्यांत तें सुटलेलें दिसेहि. परंतु तो मृत्यूनंतरचा बदल होता. १९६० सालीं गंगारोसा व त्यांचे सहकारी यांनीं बँकॉकमधील जिवंत रोग्यांच्या आंतड्यांचे सूक्ष्म तुकडे काढून तपासल्याचें प्रसिद्ध केलें, तेव्हां अस्तर अखंड असल्याचें दिसून आलें. पेशी आपल्या जागीं होत्या व सांधे तुटलेले नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षीं कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनीं जंतु गाळून काढलेल्या द्रवानेंहि सशाच्या आंतड्यांत पटकीसारखें पाणी भरतें हें दाखवून, रोगाचें कारण जंतूंनीं सोडलेलें विष आहे असें सिद्ध केलें होतें. हें विष भिंत पाडीत नाहीं. तें पेशीच्या आंत शिरून क्लोराइड बाहेर सोडणारें दार उघडें करून ठेवतें. क्लोराइड बाहेर ओघळलें कीं त्याच्या ओढीनें सोडियम सांध्यांतील वाटेनें बाहेर येतें, आणि क्षारामागोमाग पाणी धांवतें.

म्हणजे ज्या वाटेनें पोषण चालतें तीच वाट येथें घाताला कारण होते. परंतु याच शोधांत रोग्याची आशाहि होती. पेशी जाग्यावर आहेत, सांधे शाबूत आहेत, आणि ग्लुकोजच्या जोडीनें सोडियम आंत घेणारें दार विषामुळें बिघडत नाहीं. तर मग मीठ आणि साखर योग्य प्रमाणांत एकत्र पाजली असतां गेलेलें पाणी तोंडावाटेंच परत मिळविण्यास अडचण कोणती? कलकत्ता व ढाक्का येथील रुग्णालयांतून हें अजमावून पाहण्यांत आलें होतें. पण मोठ्या प्रमाणावर त्याची कसोटी लागली ती १९७१ सालीं, बांगला देशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळीं.

सरहद्दीजवळच्या बनगांवांत निर्वासितांचे लोंढे येऊन पडले होते आणि पटकी सुरू झाली होती. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें होतें; रोगी जमिनीवर, एकमेकांना लागून पडलेले; शंभरांत तीस दगावत होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं कलकत्त्यास ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या. लिटरभर पाण्याला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा, एवढेंच औषध. तें तोटी बसविलेल्या पिंपांत कालवून ठेवलें जाई, आणि रोग्याची आई, भाऊ, जें कोणी जवळ असेल तें पेला भरून नेई व पाजी. परिचारिकांची वाण होती, नातलगांची नव्हती. या पाण्यावर ठेवलेल्या तीन हजारांहून अधिक रोग्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३·६ वर आलें. वैद्यकाच्या धुरीणांनीं प्रारंभीं या निष्कर्षावर विश्वास ठेवला नाहीं. नातलगांच्या हातून, न उकळलेल्या भांड्यांतून दिलेलें पाणी शिरेंतील सलाईनची बरोबरी करील हें त्यांना पटेना. महालनबीस २०२२ सालीं वारले. त्यांना पद्मविभूषण जाहीर झालें तें त्यानंतर.

आज औषधांच्या दुकानांतून जी क्षारसंजीवनीची पुडी मिळते तिचें सूत्र २००२ सालीं थोडें सौम्य करण्यांत आलें आहे. तींत सोडियम व ग्लुकोज यांचें प्रमाण समसमान ठेवलेलें असतें. पुडी मिळेपर्यंत घरांतहि काम भागवितां येतें: उकळून थंड केलेलें लिटरभर पाणी, त्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. येथें सुशिक्षित घरांतूनच एक चूक वारंवार होते. मुलाला शक्ति यावी म्हणून साखर वाढविली जाते, किंवा नुसतें ग्लुकोजचें पाणी, सरबत अथवा बाटलींतलें गोड पेय पाजलें जातें. मिठाच्या जोडीशिवाय शर्करा आंत शिरत नाहीं, आणि जी शर्करा आंतड्यांतच पडून राहते ती आपल्याकडे पाणी खेंचते. वर वर्णन केलेल्या त्याच पाझरत्या अस्तरांतून तें पाणी बाहेर येतें, आणि जुलाब कमी होण्याऐवजीं वाढतात. मीठ जास्त झालें तरीहि अपाय होतो. म्हणून तयार केलेलें पाणी पाजण्यापूर्वीं चाखून पाहावें, व आंसवांपेक्षां खारट लागल्यास टाकून देऊन पुन्हां करावें. मुलाला वांती झाली तर दहा मिनिटें थांबून चमच्याचमच्यानें पुन्हां सुरू करावें, अंगावरचें दूध किंवा भाताची पेज बंद करूं नये. डोळे खोल गेले असतील, मूल सुस्त पडत असेल, पाणी पीतच नसेल अथवा जुलाबांत रक्त दिसत असेल, तर पुडी व पेला बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे निघावें आणि वाटेंतहि पाजीत राहावें.